वर्नाला द्यायची खबर

हॉबर्ट सायझमोरला टेकडीवर चढवण्यापेक्षा एखादं लग्न काढणं सोपं. प्राणवायूची दोन नळकांडी, घडीची खुर्ची, पायांवर टाकायला गोधडी आणि वर म्हाताऱ्याची जीभ. त्याच्या मुलानं, वेन्डेलनं, पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकली की शेजारून सूचना सुरू. आयुष्य खाणीत काढलेल्या माणसाची फुप्फुसं कोळशाच्या धुळीनं भरली होती, पण दुसऱ्याची गाडी तोंडानं चालवायला त्याला श्वास बरोबर पुरायचा.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या खोऱ्यातलं झाडून सगळं माणूस आपापल्या टेकडीवर जातं. थडग्यांवरचं गवत खरवडायचं, दगड घासायचे, प्लॅस्टिकची नवी फुलं खोचायची आणि तिथंच चादरी पसरून जेवायचं. हे सगळेच करतात. सायझमोरांचं त्यात एक जास्तीचं असतं. जेवणं झाली की धाकट्यापासून थोरल्यापर्यंत एकेकानं वर्नाच्या दगडाला हात लावून तिला वर्षाची एक खबर द्यायची. बायको वर्ना गेली त्या वर्षी हॉबर्टनं हे सुरू केलं. नियम एकच, तिथं खोटं बोलायचं नाही. जिवंत होती तेव्हा तिच्यापुढं कुणाचं खोटं टिकलं नाही, आता तिला उलट बोलता येत नाही म्हणून फसवायचं, हे बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं.

यंदा म्हातारा आठवडाभर गालातल्या गालात हसत होता. "माझी खबर सगळ्यांत शेवटी," म्हणायचा. "ऐकून वर्ना उठून बसली नाही तर मला विचारा."

त्याची थोरली, डेल्फिया, सकाळपासून गुडघे टेकून आईचा दगड घासत होती. जिल्ह्याच्या इस्पितळात ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. खोऱ्यातली निम्मी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली असतील. तिनं मान वर केली तेव्हा तिची लेक पायवाटेनं वर येताना दिसली. मार्सेलानं गाडी खालीच ठेवली होती. कडेवर मूल धरावं तशी केकची थाळी धरली होती आणि दर दहा पावलांवर थांबत होती. पोरगी वाळलीय, डेल्फियाच्या मनात आलं. एकाच इस्पितळात दोघी, पण आई खाली वॉर्डात आणि लेक वर साहेबांच्या मजल्यावर. तोंड बघायला रविवार उजाडावा लागायचा.

"इस्पितळाची मालकीण आली," हॉबर्ट खुर्चीतून ओरडला आणि त्याला खोकला आला.

"आजोबा, बोलू नका. श्वास घ्या."

"बघ, हुकूम सोडते. यासाठीच शिकवली तिला."

शिकवली होती त्यानंच, यात खोटं काही नाही. नातीला इस्पितळ चालवायची मोठी पदवी घ्यायची होती आणि खर्च ऐंशी हजार डॉलरच्या घरात होता. विद्यापीठ म्हणालं, सरकारी कर्ज मिळतं, सही करा. हॉबर्ट म्हणाला, खाणीनं फुप्फुसं खाल्ली त्याची भरपाई द्यायला ज्या सरकारनं मला अकरा वर्षं खेटे घालायला लावले, त्याच्यापुढं सायझमोर हात पसरणार नाहीत. त्यानं घर आणि खालची जमीन गावच्या बँकेत गहाण टाकली. वर्ना म्हणाली, "अरे, त्यांनी आपला डोंगर पोखरू दिला. त्यांचे चार पैसे वापरले तर कुठं बिघडलं? घराला हात लावू नकोस." त्यानं लावला. पुढं महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही, नुसतं ताट आदळायची. हॉबर्ट हा किस्सा हसत हसत सांगायचा, आणि शेवटी मार्सेलाकडं बोट करून म्हणायचा, "कोण बरोबर ठरलं?"

वेन्डेलनं भाचीला पिकअपच्या मागं गाठलं. खाणी बंद पडल्यापासून तो ट्रक चालवत होता. तोंडाचा फटकळ, पण मनात ठेवणारा नव्हे.

"मार्सी, बँकेतला माणूस भेटला होता पेट्रोल पंपावर. म्हणतो, घराचे दोन हप्ते थकलेत."

"भरते मी, मामा. या महिन्यात भरते."

"भरतेस म्हणजे? तुझ्यासारखीचा हप्ता थकतो कसा? घोड्यांवर पैसे लावतेस की काय?"

मार्सेला हसली नाही. ती खालच्या वळणाकडं बघत राहिली. एरवी ती मामाला एकाच्या दोन ऐकवायची, म्हणून वेन्डेलचाही आवाज उतरला.

"हे बघ, मी काय तुझ्या खिशात हात घालत नाही. पण मला कळायला पाहिजे. बाबांची आजची खबर काय आहे, ठाऊक आहे? टॅन्सीला तुझ्याच विद्यापीठात प्रवेश मिळालाय. तीच पदवी. आणि बाबा तिच्यासाठी ही वरची पट्टी बँकेत गहाण ठेवणार आहेत. बुधवारी सही."

"ही? ही टेकडी?"

"हीच. आता उरलंय काय दुसरं? मी म्हटलं, अहो, आई आहे तिथं. तर म्हणतात, मेलेल्यांचं बँक काय वाकडं करणार." त्यानं टोपी मागं सारली. "मी हो म्हटलं, मार्सी. खोटं कशाला बोलू. माझी पोर तुझ्यासारखी कोट घालून फिरावी असं मलाही वाटलं."

मार्सेलानं पिकअपच्या फळीला पाठ टेकली. आज दहा वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता मामासमोर सांगावं लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, पण आईला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

"मामा, मला वर्षाला एकसष्ट हजार मिळतात. मिळायचे. मार्चपासून इस्पितळानं वरच्या मजल्यावरच्यांचे पगार दहा टक्के कापले."

"चल. काहीतरीच."

"कर कापून जे हातात येतं, त्यातला तिसरा हिस्सा या घराच्या हप्त्यात जातो. मग भाडं, गाडी. केक मी घरी केलाय, कारण विकतचा परवडत नाही."

"अगं, चांगलं साल असलं तर मी तेवढे ट्रकवर कमावतो. आणि मी शाळासुद्धा पुरी केली नाही."

"माहीत आहे मला."

"मग लेक्सिंग्टनला जा ना. मोठी इस्पितळं आहेत तिथं."

"चार ठिकाणी अर्ज केले. माझ्यासारख्या पदवीच्या पोरी तिथं ढिगानं पडल्यात. मला सांगताना सगळे म्हणाले होते, लाखाच्या खाली कुणी घेत नाही. लाख त्यांना मिळतात, जे आधीपासून डॉक्टर आहेत किंवा वीस वर्षं खुर्चीत बसलेत. आम्हाला मिळतं ते हे." ती थांबली. मग जे बोलायचं नव्हतं तेही निघून गेलं. "माझ्याबरोबरची एक आहे, पिकव्हिलची. तिनं सरकारी कर्ज घेतलं होतं. धर्मादाय इस्पितळात दहा वर्षं नोकरी केली की उरलेलं माफ होतं. तिचं यंदा माफ झालं, सगळं. आमचं इस्पितळही धर्मादायच आहे, मामा. माझीही दहा वर्षं झाली."

वेन्डेलनं बोलायला तोंड उघडलं आणि तो तिच्या खांद्यावरून मागं बघायला लागला. डेल्फिया हातात ओली चिंधी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"रात्रपाळ्या धरून मला अडुसष्ट पडतात," डेल्फिया म्हणाली. ती कुणाला टोचून बोलत नव्हती, तिचा नुसता हिशोब लागत नव्हता. "आणि नाताळात तू मला नवी शेगडी घेऊन दिलीस."

"आई, तुझी जुनी पेटत नव्हती."

"मी फुंकून पेटवली असती ग."

वेन्डेलनं खिशातून सिगारेट काढली, टेकडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला बाप आठवला, आणि परत ठेवली.

"बाबांना सांगायला पाहिजे," तो म्हणाला. "बुधवारच्या आत."

"तू सांग मग."

"माझं ऐकलंय त्यांनी कधी, ताई? म्हणतील, भाचीवर जळतो. हिनंच सांगितलं पाहिजे."

"आज नाही," डेल्फिया म्हणाली. "आईच्या दगडापुढं नाही. अरे, त्यांच्याकडं आता आहे काय? नळी आहे नाकात आणि ही एक गोष्ट आहे. पोरीला शिकवली, एवढं एक बरोबर केलं म्हणून ते रात्री झोपतात. ते काढून घेतलंस तर उद्या सकाळी उठतील कशाला?"

"आणि टॅन्सी? तिला ढकलायचं याच खड्ड्यात?"

"मी बघते काहीतरी. बुधवारपर्यंत वेळ आहे."

"तुझं बघणं आम्हाला ठाऊक आहे. तू सगळं पोटात घालतेस आणि वर म्हणतेस बघते."

मार्सेला मधेच म्हणाली, "आई, अजून एक आहे."

"वॉर्डाचं ना?" डेल्फियानं चिंधी पिळली. पाणी तिच्याच बुटांवर पडलं. "दोन महिने पाळण्यांच्या गाद्या मागतोय, वरून कुणी हूं की चूं करत नाही. आम्ही काय खुळ्या आहोत?"

"मंगळवारी सांगणार, वॉर्ड बंद म्हणून. बाळंतपणं कमी झालीत, दर बाळामागं तोटा होतो. आकडे मी मांडलेत. मलाच सांगितलं मांडायला. कागदावर माझं नाव आहे, आई."

"तोटा," डेल्फिया म्हणाली. वॉर्डाच्या टोकाची खोली तिच्या डोळ्यांपुढं आली. मार्सेला तिथंच झाली होती, बाहेर बर्फ पडत होता आणि वर्ना खिडकीपाशी उभी राहून हॉबर्टला गाडी कुठं लावायची ते खुणेनं सांगत होती. लेकीवर रागवावं असं डेल्फियाला वाटलं. रागवायचंच होतं. पण समोर उभी होती ती साहेबीण नव्हती, दर महिन्याला आजोबाच्या घराचा हप्ता भरणारी पोर होती, आणि ती नोकरी तिनं सोडली असती तर घर गेलं असतं.

"बायका कुठं जातील आता?"

"दीड तासावर. शहरात."

"वाटेतच बाळंत होतील त्या," डेल्फिया म्हणाली, आणि पुन्हा दगडाकडं गेली.

जेवण नेहमीसारखंच झालं. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, आणि मार्सेलानं वाळवलेल्या सफरचंदांचे थर घालून केलेला केक. तो वर्नाच्या हातचा प्रकार. हॉबर्टनं दोन तुकडे खाल्ले. "तिच्याएवढा नाही," म्हणाला, "पण तिला सांगू नका, फुगेल." टॅन्सी हसली. वेन्डेलची ही पोर बावीस वर्षांची, गोधडीच्या काठावर बसून सारखी दगडाकडं बघत होती. तिची खबर तिच्या पोटात मावत नव्हती.

धाकटी म्हणून पहिली तीच उठली. दगडावर हात ठेवून म्हणाली, "आजी, मला प्रवेश मिळाला. मार्सीताईच्याच विद्यापीठात." आणि लाजून परत येऊन बसली. हॉबर्टनं मांडीवर थाप मारली.

मग मार्सेला. तिनं दगडावर हात ठेवला. "आजी, यंदा तुझा केक मला जमला. बुडाला लागला नाही." हे खरं होतं. एवढंच खरं तिला तिथं सांगता आलं.

"झालं? अगं, बढतीबिढती काही?" हॉबर्ट म्हणाला.

"आजीला केकचंच जास्त पडलं असतं, आजोबा."

वेन्डेल उठला, ट्रकला नवे टायर घेतल्याचं सांगितलं आणि बहिणीकडं न बघता बसला. डेल्फियानं एप्रनला हात पुसले. तिच्या चालण्यावरूनच मार्सेलाला कळलं की ही काहीतरी ठरवून चाललीय, पण काय ते कळेपर्यंत उशीर झाला होता.

"आई," डेल्फिया म्हणाली, "मी इस्पितळातली नोकरी सोडतेय. उद्याच चिठ्ठी देणार. गुडघे उभे राहू देत नाहीत. म्हाताऱ्यांच्या आश्रमात बसून करायचं काम बघितलंय."

मार्सेलानं खाली बघितलं. मंगळवारी वॉर्ड बंदची बातमी फुटेल तेव्हा खोऱ्यात कुणी म्हणू नये की पोरीनं आईच्या पोटावर पाय दिला, म्हणून आई आदल्या दिवशी स्वतःच निघत होती. तिचे गुडघे ठणठणीत होते. वर्नाच्या दगडापुढं डेल्फियानं आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं.

हॉबर्टचा चेहरा लाल झाला. "सोडतेस? तुझी पोर तिथं मालकीण आहे, आणि तू अशी पळ काढतेस? उभं राहवत नाही म्हणे. मी एका फुप्फुसानं कोळसा ओढला."

"हो बाबा."

"हो बाबा काय? लाज वाटायला पाहिजे. आईपुढं सांगतेस वर. पोरीकडून शीक जरा."

"बाबा, पुरे," वेन्डेल म्हणाला.

"तू मधे बोलू नकोस."

"हो बाबा," डेल्फिया पुन्हा म्हणाली आणि बसली. तिनं ताटं गोळा करायला घेतली. लेकीनं तिच्या हातातलं ताट धरलं तर ती सोडेना, दोघींच्या मधे ते तसंच राहिलं.

म्हाताऱ्याला उठवायला दोघं लागले. नळकांडं टॅन्सीनं धरलं. दगडावर अर्ध्या भागात वर्नाचं नाव होतं, उरलेल्या अर्ध्यात त्याचं स्वतःचं, जन्माचं साल कोरलेलं आणि पुढं कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवर पंजा टेकून तो उभा राहिला आणि सगळ्यांकडं बघून घेतलं.

"वर्ना, ऐक. तू मला महिनाभर उपाशी मारायला निघाली होतीस, आठवतं? घर गहाण टाकलं म्हणून. बघ आता. ती पोर इस्पितळ चालवते. म्हणून मी ठरवलंय, दुसरीलाही तसंच करायचं. ही पट्टी आहे ना, तू निजलीस ती, ही मी टॅन्सीसाठी गहाण ठेवणार. बुधवारी सही करतो. सरकारचा एक पैसा लागणार नाही. मी नसेन तेव्हा दोन सायझमोर पोरी इस्पितळं चालवत असतील. ही माझी खबर."

टॅन्सी रडायला लागली, आनंदानं. वेन्डेलनं मार्सेलाकडं बघितलं आणि मान वळवली. डेल्फियानं तर मान हलवून नको म्हटलं, स्पष्ट.

आईनं आत्ताच आपल्यासाठी शिव्या खाल्ल्या, त्या फुकट जाणार, हे मार्सेलाला कळत होतं. पण नळकांडं धरून उभी असलेली टॅन्सी तिला दिसत होती. अशीच ती स्वतः उभी होती, याच म्हाताऱ्याशेजारी, बँकेच्या दारात. त्या दिवशी कुणी एक शब्द बोललं असतं तर. बोलली होती फक्त आजी, आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

"आजोबा, माझी खबर राहिलीय." ती दगडापाशी गेली आणि हात ठेवला. "मघाशी मी पुरी दिली नाही."

"मार्सेला," डेल्फिया म्हणाली.

"पट्टी गहाण ठेवू नका. त्या पदवीनं पैसे फिटत नाहीत. मी मालकीण नाही, आजोबा. वरच्या मजल्यावर माझ्यासारखे दहाजण बसतात. मला आईपेक्षा कमी मिळतं. घराचे दोन हप्ते थकलेत. आणि आई पळत नाही. तिचा वॉर्ड बंद होतोय, तो बंद करायचा कागद मी लिहिलाय. मी लिहिला, कारण नोकरी गेली तर घर जाईल. तिनं गुडघ्यांचं खोटं सांगितलं, माझ्यासाठी."

हॉबर्टनं डेल्फियाकडं बघितलं. ती ताटं छातीशी धरून बसली होती.

"खरं का हे?"

डेल्फियानं मान डोलावली.

टॅन्सी म्हणाली, "मग मी जाऊ नको का, मार्सीताई?" मार्सेला म्हणाली, "शिक तू. पण ही टेकडी गहाण टाकून नाही. आपण दोघी बसून बघू." वेन्डेलनं पोरीचा कोपर धरून तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "नंतर सांगतो सगळं. घरी."

हॉबर्ट तसाच उभा होता. तो बोलला तेव्हा आवाज इतका लहान होता की वाकून ऐकावा लागला.

"मार्सी. सरकारचं घेतलं असतं तर?"

डेल्फियानं डोळे मिटले.

मार्सेलाचा हात अजून आजीच्या नावावर होता. तिनं तो काढला नाही.

"तेच झालं असतं, आजोबा," ती म्हणाली. "काही फरक पडला नसता."

"नक्की?"

"नक्की."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास घेतला, नळीतून येईल तेवढा. मग वेन्डेलच्या खांद्याचा आधार घेत तो हळूहळू खाली वाकला आणि दगडाशी तोंड नेऊन म्हणाला, "ऐकलंस ना ग? तेच झालं असतं म्हणते ती." सकाळी डेल्फियानं खोचलेल्या फुलांतलं एक कलंडलं होतं. ते त्यानं काढलं, फुंकून माती उडवली, आणि बराच वेळ घेऊन परत सरळ लावलं.